पुन्हा न दिसणाऱ्या मालिका आणि सीमाभागातला प्रेक्षक

दूरदर्शनच्या पहिल्या दोन दशकांतल्या मराठी कार्यक्रमांविषयी बोलले-लिहिले पुष्कळ जाते. पाहायला मात्र त्यांतले थोडेच मिळते. ‘चिमणराव गुंड्याभाऊ’, ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, ‘किलबिल’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती, आमची माणसं’ ही नावे पन्नाशी ओलांडलेल्या प्रेक्षकाला तोंडपाठ असतात. त्यांतल्या एखाद्या कार्यक्रमाचे सर्व भाग ओळीने पाहायचे ठरवले, तर बहुतेक वेळा हाती तुकडे लागतात किंवा काहीच लागत नाही. जुन्या वस्तू काळाच्या ओघात नाहीशा होतातच, असे याचे स्पष्टीकरण सहसा दिले जाते. ते अपुरे आहे. त्याच काळातली पुस्तके आणि चित्रपट आजही मिळतात. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम मिळत नाहीत, याला प्रक्षेपणाची रचना, टेपांचा वापर आणि हक्कांची मालकी अशी तीन ठोस कारणे आहेत. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरचा, बसवकल्याण तालुक्यातल्या मंठाळच्या आसपासचा मराठी मुलूख पाहिला की ही तिन्ही कारणे एकत्र दिसतात. शिवाय ‘पुन्हा पाहणे’ म्हणजे निव्वळ स्मरणरंजन, हा समजही तिथे टिकत नाही.

या भागात दूरचित्रवाणी उशिरा आली नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने ‘साइट’ हा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचवले जात. कर्नाटकातली गावे त्या वेळच्या गुलबर्गा (आताच्या कलबुर्गी) भागातून निवडलेली होती. गावाचा एकच सामाईक संच असे. त्याला जाळीची मोठी तबकडी जोडलेली असे आणि सकाळी शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम लागत. कन्नड आणि तेलुगू कार्यक्रमांची निर्मिती हैदराबादला होई. उपग्रहावरून एका चित्रासोबत दोन भाषांचा आवाज पाठवण्याची सोय होती. प्रयोग संपल्यावर १९७७ मध्ये गुलबर्ग्याला जमिनीवरचा प्रक्षेपक बसला. बंगळूरला दूरदर्शन केंद्र १९८१ मध्ये आले; म्हणजे राज्याच्या राजधानीआधी राज्याच्या या टोकाला दूरचित्रवाणी दिसू लागली होती.

तरीही मराठी कार्यक्रम इथे नव्हते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या सहप्रक्षेपणाने ते पुण्याला पोहोचले. प्रक्षेपकाच्या लहरी राज्याची सीमा ओळखत नाहीत, पण प्रक्षेपकाने कोणत्या केंद्राचे कार्यक्रम घ्यायचे हे राज्यावरून ठरत असे. जुन्या हैदराबाद संस्थानातला बीदर जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेत विभागला गेला. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि बीदर, भालकी, हुमनाबाद हा भाग म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला. वीस वर्षांनी आलेल्या दूरचित्रवाणीने हीच रेघ गिरवली. कर्नाटकातल्या प्रक्षेपकावर स्थानिक वेळेत कन्नड आणि राष्ट्रीय वेळेत हिंदी, अशी वाटणी झाली. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी बोलणाऱ्या कुटुंबाला त्यातले सारेच समजत होते. मात्र त्याच्या मायबोलीला त्या वेळापत्रकात जागा नव्हती.

म्हणून या भागातल्या मराठी माणसाची दूरचित्रवाणीची पहिली मोठी आठवण बहुधा हिंदी मालिकेची असते. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला, १९८४ मध्ये देशभर कमी शक्तीचे प्रक्षेपक झपाट्याने बसले. ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झाली. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ आणि २ ऑक्टोबर १९८८ पासून ‘महाभारत’ आले. ज्याच्या घरी संच त्याच्या ओसरीवर रविवारी सकाळी सगळी गल्ली जमे. पडद्यावर मुंग्या आल्या की एकाने माळवदावर चढून अँटेना फिरवायची आणि दुसऱ्याने खालून ओरडून सांगायचे, ही त्या काळातली सार्वत्रिक रीत होती. मराठी मालिका घरात यायला मात्र उपग्रह वाहिन्या आणि केबल यावी लागली. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी १९९४ मध्ये सुरू झाली, ‘अल्फा मराठी’ १९९९ मध्ये आणि हैदराबादहून चालणारी ‘ई टीव्ही मराठी’ २००० मध्ये. तोवर मुंबई-पुण्यात मराठी मालिकांची जवळजवळ दोन दशके होऊन गेली होती. मंठाळ भागातला मनुष्य कामधंद्यानिमित्त तिकडे राहिला असेल, तरच त्याने ती पाहिली. इतरांना ती नात्यागोत्यातल्या गप्पांतून, नियतकालिकांतून आणि नटांच्या मुलाखतींतून कळली.

इथे प्रश्नाचे रूप बदलते. मुंबईच्या प्रेक्षकाला जुनी मालिका पुन्हा पाहायची असते, तर सीमाभागातल्या प्रेक्षकाला ती पहिल्यांदाच पाहायची असते. एकाच्या बाबतीत संग्रह आठवण जागवतो. दुसऱ्याच्या बाबतीत मूळ प्रक्षेपणात राहून गेलेले काम तो पुरे करतो. जतनाची गरज किती जणांना आठवण येते यावर मोजली, तर या दुसऱ्या प्रेक्षकाची गणतीच होत नाही.

आता हे कार्यक्रम मुळात उरले का नाहीत, याकडे वळता येईल. सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळसे कार्यक्रम स्टुडिओतून थेट जात. बातम्या, चर्चा, मुलांचे आणि शेतकऱ्यांचे कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित झालेच असतील असे नव्हते. जे मुद्रित होत ते बहुधा चुंबकीय टेपवर. टेप आयात होई, तिला परकीय चलन लागे आणि ती पुसून पुन्हा वापरता येई. कार्यक्रम दाखवून झाला की त्याचे काम संपले, टेप मात्र अजून कामाची, असा हिशेब केंद्राकेंद्रांतून चाले. हे एकट्या दूरदर्शनने केले असे नाही. ब्रिटनच्या बीबीसीनेही १९६० आणि १९७० च्या दशकांत हजारो कार्यक्रम पुसले. ‘डॉक्टर हू’सारख्या लोकप्रिय मालिकेचे कित्येक भाग त्यात गेले. आज त्यांतल्या अनेक भागांचा आवाज तेवढा उपलब्ध आहे, तोही प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डरवर धरून ठेवला म्हणून.

चित्रपटाची गोष्ट वेगळी होती. चित्रपटाच्या प्रती निघत, गावोगावच्या थिएटरांत फिरत. मूळ निगेटिव्ह प्रयोगशाळेत राही. शिवाय १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले होते. चि. वि. जोशी यांच्या कथांवरच्या ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ या मालिकेत दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी कामे केली. याच जोडीला घेऊन १९७९ मध्ये चित्रपटही निघाला. ज्या मालिकेने ती जोडी घरोघरी नेली ती मालिका मात्र आज सलग पाहता येत नाही. लोकप्रियतेने कार्यक्रम टिकतो हा समज या उदाहरणाने खोटा ठरतो. एकापेक्षा अधिक प्रती असणे आणि त्या सांभाळण्यात कोणाचा तरी फायदा असणे, यानेच तो टिकतो.

टेप उरली तरी अडचण संपत नाही. दमट हवेत टेपेवरचा चुंबकीय थर चिकट होतो, सुटू लागतो. जुन्या आकाराच्या टेपा चालवणारी यंत्रे आता बनत नाहीत, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे तंत्रज्ञ दुर्मीळ झाले आहेत. घरगुती व्हीएचएसचेही तेच. अशा यंत्रांचे उत्पादन करणारी शेवटची मोठी जपानी कंपनी २०१६ मध्ये थांबली. कपाटात सुखरूप दिसणारी कॅसेट म्हणूनच दरवर्षी थोडी थोडी निकामी होत असते.

तिसरे कारण मालकीचे. दूरदर्शनच्या कार्यक्रमांचे ढोबळ मानाने तीन वर्ग होते. काही कार्यक्रम केंद्राने स्वतः केले. काही बाहेरच्या निर्मात्याला पैसे देऊन करून घेतले. या दोन्हींचे हक्क सामान्यतः दूरदर्शनकडे राहिले. ‘हम लोग’पासून रुळलेल्या प्रायोजित पद्धतीत मात्र निर्माता खर्च करी, प्रक्षेपणाचे शुल्क भरी आणि मिळालेली जाहिरातींची वेळ विकून पैसे वसूल करी, मालिका बहुधा त्याच्याच मालकीची राही. ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ टिकल्या, कारण सागर आणि चोप्रा या चित्रपटव्यवसायात मुरलेल्या घराण्यांना जुन्या ऐवजाची किंमत ठाऊक होती. कॅसेट, सीडी, उपग्रह वाहिनी अशा प्रत्येक नव्या बाजारात त्यांनी तो पुन्हा विकला. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा दाखवता आली ती यामुळेच. एक-दोन मराठी मालिका करून थांबलेल्या निर्मात्याकडे ना गोदाम होते ना बाजार. तो गेला, संस्था बंद पडली, वारसांना टेपा कुठे आहेत हेही माहीत नाही, असे झाले की मालिका कोणाचीच राहत नाही.

कायदा अशा मालिकेला लवकर मोकळीही करत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिचित्रमुद्रणावर चित्रपटाप्रमाणे साठ वर्षे हक्क चालतो. १९८४ मध्ये दाखवलेली मालिका २०४४ च्या अखेरीपर्यंत संरक्षित राहील. तोपर्यंत कोणी जुन्या कॅसेटवरून ती यूट्यूबवर चढवली तर ते नियमाबाहेरचे ठरते आणि हक्कदाराच्या एका तक्रारीवर उतरवले जाते. हक्कदार सापडत नसेल तर परवाना मागण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम ३१अ मध्ये आहे; पण तिची वाट लांब आणि खर्चाची, त्यामुळे जुन्या मालिकेसाठी ती सहसा कोणी धरत नाही.

खासगी वाहिन्यांच्या काळात चित्र पालटले. तिथे मालिकेचे हक्क बहुतांशी वाहिनीकडे असतात आणि साठा ही कंपनीची मालमत्ता मानली जाते. प्रभावळकरांचीच ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही २००१ मध्ये सुरू झालेली मालिका झी५ या ऑनलाइन मंचावर पाहता येते. एकाच नटाच्या दोन गाजलेल्या मालिकांपैकी एक मिळते आणि दुसरी मिळत नाही, याचा गुणवत्तेशी संबंध नाही. मात्र हा दिलासाही सशर्त आहे. वाहिन्या विकल्या जातात, नावे बदलतात. ‘ई टीव्ही मराठी’ २०१५ मध्ये ‘कलर्स मराठी’ झाली. ज्या मालिकेवर पैसा सुटत नाही ती मंचावर ठेवण्याचे बंधन कंपनीवर नसते.

सार्वजनिक प्रसारकानेही अलीकडे काही पावले उचलली आहेत. प्रसार भारतीच्या संग्रहातून जुन्या मुद्रणांचे अंकीकरण होते, यूट्यूबवर काही कार्यक्रम येतात. एप्रिल २०२० मध्ये ‘डीडी रेट्रो’ ही वाहिनी आली, नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हा मंच सुरू झाला. या प्रयत्नांची निवड मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. शास्त्रीय संगीताच्या मैफली, नामवंतांच्या मुलाखती, पौराणिक आणि ऐतिहासिक मालिका यांना अग्रक्रम मिळतो. ज्यांवर प्रेक्षकांची एक पिढी वाढली ते मुलांचे, शेतीचे आणि प्रौढशिक्षणाचे कार्यक्रम मागे पडतात. ‘ज्ञानदीप’ने महाराष्ट्रात गावोगावी मंडळे उभी केली. तो कार्यक्रम सलग पाहता आला नाही, तर त्या चळवळीचा अभ्यास आठवणींवरच करावा लागतो. ‘साइट’च्या कन्नड कार्यक्रमांनाही हेच लागू आहे. खेड्यांसाठी खास केलेल्या देशातल्या सुरुवातीच्या मोठ्या कार्यक्रमांपैकी ते होते, पण त्यांच्याविषयीचे अहवाल मिळवणे जितके सोपे, तितके ते कार्यक्रम पाहणे सोपे नाही.

केंद्रानुसार लावलेल्या संग्रहात सीमाभाग आणखी एका कारणाने निसटतो. मुंबई केंद्राची यादी मुंबईची, बंगळूरची बंगळूरची. कर्नाटकातल्या मराठी प्रेक्षकाने काय पाहिले, त्याच्यासाठी काय झाले, हे कोणत्याच यादीचे शीर्षक नसते. २०२१ मध्ये देशभरचे जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक बंद केले जात होते, तेव्हा कलबुर्गी केंद्राच्या भवितव्याची चर्चा झाली. केंद्र कार्यक्रम बनवत राहील, ते यूट्यूबवर आणि राज्याच्या वाहिनीवर दिसतील, असा खुलासा प्रसार भारतीने केला. पुढच्या कार्यक्रमांचा प्रश्न त्याने सुटतो. १९७७ पासून त्या प्रक्षेपकावरून जे गेले त्याच्या नोंदीचा सुटत नाही.

सगळेच जपणे शक्य आहे का आणि योग्य आहे का, ही शंका रास्त आहे. बरेच कार्यक्रम सामान्य होते, काही मालिका पुन्हा पाहिल्यावर निराशाच करतील, आणि जतनावर खर्च होणारा पैसा सार्वजनिक आहे. पण सामान्य काय आणि मोलाचे काय हे ठरवण्यासाठी आधी ते पाहता यावे लागते. न पाहता केलेली निवड ही निवड नव्हे. ते नशिबावर सोडणे झाले. पुस्तकांच्या बाबतीत देशाने हा पेच १९५४ मध्येच सोडवला आहे. त्या वर्षीच्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाच्या प्रती चार ग्रंथालयांना द्याव्या लागतात. पुस्तक चांगले की वाईट हे तिथे विचारले जात नाही. फ्रान्सने १९९२ मध्ये असेच बंधन आकाशवाणी आणि दूरचित्रवाणीला लावले. भारतात दूरचित्रवाणीसाठी असा कायदा नाही.

तेव्हा करायच्या गोष्टी स्पष्ट आहेत. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांसाठी प्रत जमा करण्याचा कायदा हवा. काय उरले आहे आणि काय गेले आहे याची प्रत्येक केंद्राची सूची सार्वजनिक हवी. तीत भाषेनुसार आणि प्रक्षेपणक्षेत्रानुसार शोधता आले पाहिजे. हक्कदार न सापडणाऱ्या मालिकांसाठी परवान्याची वाट सोपी करायला हवी. लोकांच्या घरांतल्या कॅसेटी कारवाईची भीती न घालता स्वीकारणारी यंत्रणा हवी. पुसलेल्या टेपेची उरलेली एकमेव प्रत अशाच एखाद्या ट्रंकेत निघण्याचा संभव असतो. यांतली सूची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निकडीची आहे, कारण टेपा खराब होण्याआधी त्या आहेत कुठे हे कळले पाहिजे. आज डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेवर ‘सह्याद्री’ ही मराठी आणि ‘चंदना’ ही कन्नड अशा दोन्ही वाहिन्या मंठाळला एकाच तबकडीवर दिसतात. प्रक्षेपकाने घातलेली सीमा तंत्राने पुसली आहे. जुन्या कार्यक्रमांच्या बाबतीत ती पुसायची तर ते काम संग्रहालाच करावे लागेल.