सडलेली जुडी आणि अन्नाचा मान

जळगाव जिल्ह्यातल्या पहूरहून छत्रपती संभाजीनगरच्या दिशेने निघाले की पुढे अजिंठ्याची लेणी लागतात. पहूरची वाघूर नदी त्या लेण्यांच्याच दरीतून वाहत येते. इसवी सनापूर्वीच्या काळापासून तिथे राहिलेल्या बौद्ध भिक्खूंना विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचा, एक कडक नियम होता: आज मिळालेले अन्न उद्यासाठी ठेवायचे नाही. बुद्धांचे शिष्य आनंद यांचे उपाध्याय बेलट्ठसीस भिक्षेचा भात वाळवून ठेवत आणि भूक लागली की भिजवून खात. त्यावरून बुद्धांनी साठवणीला मनाई केली, अशी विनयातली कथा आहे. तूप, लोणी, तेल, मध, गूळ एवढेच आजारी भिक्खूला सात दिवस जवळ बाळगता येई.

संसारी माणसाला हे जमत नाही. बाजारातून आणलेली मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात दोन-तीन दिवस पुरवावी लागते. पाने सडली की पेच पडतो. तैत्तिरीय उपनिषदाची भृगुवल्ली अन्नाची निंदा करू नये, ते अव्हेरू नये असे सांगते. गीतेचा सतरावा अध्याय शिळे, दुर्गंधी सुटलेले अन्न तामस ठरवतो. मग अपमान कशात आहे, सडकी जुडी टाकण्यात की ताटात वाढण्यात?

आधी पान ओळखायला हवे.

तोडल्यावरही पानाचा श्वास चालू असतो. मान टाकलेल्या मेथीतले फक्त पाणी उडालेले असते; थंड पाण्यात बुडवली की ती बरीचशी ताठ होते. पिवळे पान म्हातारे झालेले, चवीला उणे. बुळबुळीत, काळपट, कुबट वासाचे पान मात्र जिवाणूंनी सडवलेले असते. ते धुऊन सुधारत नाही, टाकायलाच हवे. उलट रोगजंतू हिरव्यागार पानावरही असू शकतात, म्हणून भाकरीसोबत कच्ची मेथी खायची तर ती आधी वाहत्या पाण्यात धुवावीच. ठेवताना मात्र धुऊ नये. जुडीचा बंध सोडावा, कुजकी काडी काढावी, कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावी. जळगाव जिल्हा केळ्यांचा. पिकत्या केळ्यांतून निघणारा इथिलीन वायू पालेभाजी लवकर पिवळी पाडतो, तेव्हा घड दूर असावा.

अनेक जैन कुटुंबे चातुर्मासात पालेभाजी वर्ज्यच करतात, कारण पावसाळ्यात पानांवर सूक्ष्म जीव वाढतात. तिथे प्रश्न मुळातच मिटतो. बाकीच्यांसाठी दोष टाकण्यात नाही. गरजेपेक्षा जास्त आणून विसरण्यात आहे. अन्नाचा मान बाजारात जुडी उचलतानाच राखायचा असतो.

एक चूक मात्र पुण्याच्या नावाखाली होते: सडका, बुरशी लागलेला पाला गाईपुढे टाकला जातो. बुरशीने तिलाही बाधा होते. असा पाला खताच्या खड्ड्यात घालावा. अन्न वाढवावे, हेही भृगुवल्लीनेच सांगितले आहे, आणि त्या खताने पुढची मेथी वाढते.