न घडलेल्या गोष्टींचे श्रेय

कर्तृत्वाचे मोजमाप आपण बहुधा घडलेल्या गोष्टींवरून करतो. बांधलेला पूल, लिहिलेला ग्रंथ, जिंकलेली लढाई यांना जागा असते, तारीख असते, नाव असते. परंतु मानवी श्रमांचा फार मोठा भाग काहीतरी घडू न देण्यात खर्ची पडतो. पुराचे पाणी गावात शिरू नये म्हणून बांधाची डागडुजी करणारा मजूर, साथ पसरू नये म्हणून घरोघर हिंडणारी परिचारिका, घरातले भांडण विकोपाला जाऊ न देणारी वडीलधारी स्त्री, या सर्वांच्या यशाचा पुरावा अभावरूप असतो. पूर आला नाही, साथ आली नाही, घर मोडले नाही, एवढेच त्यांच्या बाजूने सांगता येते. जे आलेच नाही ते यांच्यामुळे आले नाही, हे सिद्ध करणे मात्र कठीण. अशा कर्तृत्वाला मूल्य कोणते आणि त्याचे आपण काय देणे लागतो, हा नीतिशास्त्रातला गंभीर प्रश्न आहे. त्याचा विचार करण्यासाठी एका क्रीडापटूच्या दीर्घ कारकिर्दीचा आधार येथे घ्यावयाचा आहे.

येन्नी हीरिकोस्की ही फिनलंडची आइस हॉकीतील बचावपटू. तिचा जन्म १९८७ साली लेम्पॅला या गावी झाला. तांपेरे शहरातील इल्वेस, युवास्क्युला येथील जेवायपी आणि २०१६ पासून स्वीडनच्या उत्तरेकडील लुलेओ, अशा संघांतून ती खेळली. राष्ट्रीय संघाचे नेतृत्व तिने अनेक वर्षे केले. २०१० मध्ये व्हँकूवरला, २०१८ मध्ये प्याँगचांगला आणि २०२२ मध्ये बीजिंगला फिनलंडने ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले, त्या तिन्ही संघांत ती होती. पहिल्या पदकाच्या वेळी ती बावीस वर्षांची होती, तिसऱ्याच्या वेळी चौतीस वर्षांची. या दोन टोकांच्या मध्ये २०१४ चे सोची आहे. तेथे उपान्त्यपूर्व फेरीत स्वीडनकडून पराभव झाल्याने पदकाशिवाय परतावे लागले. विश्वस्पर्धेतील सर्वोत्कृष्ट बचावपटूचा मान तिला एकदा नव्हे, अनेकदा मिळाला.

बचावपटूचे काम काय असते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. बर्फाच्या मैदानावर गोलरक्षिकेखेरीज प्रत्येक बाजूच्या पाच खेळाडू उतरतात आणि त्यांपैकी दोघी प्रामुख्याने बचाव सांभाळतात. चेंडूच्या जागी कडक रबराची चकती असते. प्रतिस्पर्धी ती घेऊन वेगाने चालून येते, तेव्हा बचावपटू तिच्याकडे तोंड करून उलट्या दिशेने, म्हणजे पाठीमागे, घसरत जाते. तिची पाठ स्वतःच्या गोलाकडे असते. दोघींमधले अंतर फार राहिले तर समोरची मोकळेपणाने फटका मारते. फार कमी झाले तर एका हुलकावणीने निसटून जाते. १९९० च्या पहिल्या महिला विश्वस्पर्धेनंतर महिलांच्या आंतरराष्ट्रीय खेळात अंगाची धडक देऊन प्रतिस्पर्ध्याला पाडण्यास मनाई झाली, त्यामुळे बळाने प्रश्न सोडवण्याची वाटही अरुंद झाली. उरते ते अंतराचे भान आणि समोरचीचा बेत तिच्या आधी ओळखण्याची शक्ती. ही शक्ती वयाबरोबर वाढू शकते. पायांतला वेग ओसरू लागतो त्या सुमारास नजर परिपक्व होते. बचावपटूच्या दीर्घ कारकिर्दीचे रहस्य काही अंशी यात असावे.

या कामाची नोंद ठेवण्याचा प्रयत्न हॉकीने केलेला आहे. खेळाडू मैदानात असताना आपल्या संघाने किती गोल केले आणि किती खाल्ले, यांच्या वजाबाकीतून एक अंक काढला जातो. परंतु तो अंक पाच जणींच्या एकत्रित कामाचा असतो. शिवाय, प्रतिस्पर्ध्याने ज्या वाटेने जायचे मनातसुद्धा आणले नाही, कारण ती वाट आधीच बंद झाली होती, त्या वाटेची नोंद कोणत्या रकान्यात करणार? नैयायिकांनी अभावाविषयी केलेला विचार येथे उपयोगी पडतो. अभाव कळण्यासाठी ज्याचा अभाव आहे ती वस्तू, म्हणजे प्रतियोगी, आधी कळलेली असावी लागते, असे ते म्हणतात. घट काय हे ज्याला ठाऊक नाही त्याला भूतलावर घट नाही हे दिसणार नाही. त्याचप्रमाणे, होऊ शकला असता तो गोल ज्याला कल्पनेत उभा करता येत नाही, त्याला बचावाचे मोलही दिसत नाही. तात्पर्य, निवारणाचे श्रेय देण्यासाठी पाहणाऱ्यालाही काही करावे लागते. त्याला कल्पनेचे श्रम घ्यावे लागतात. ते टाळून केवळ फलकावरचे आकडे वाचणे हा निष्काळजीपणा तर आहेच, पण त्यात अन्यायाचाही अंश आहे.

हीरिकोस्कीच्या बाबतीत या अन्यायाला दुसरी एक बाजू आहे. महिला हॉकीवर प्रारंभापासून कॅनडा आणि अमेरिका या दोन देशांचे वर्चस्व राहिले. १९९० ते २०१७ या काळात विश्वस्पर्धेचे अठरा अंतिम सामने झाले आणि ते सर्वच्या सर्व याच दोन देशांमध्ये झाले. या स्थितीमुळे २०१० च्या ऑलिंपिकच्या दिवसांत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे तत्कालीन अध्यक्ष झाक रोग यांनी, ही दरी कमी झाली नाही तर हा खेळ ऑलिंपिकमध्ये ठेवता येणार नाही, असा इशाराही दिला होता. याचा अर्थ असा की, तिसऱ्या क्रमांकाच्या देशातील मुलगी या खेळात शिरते तेव्हा आपल्या वाट्याला बहुधा कांस्यच येणार हे तिला ठाऊक असते. आणि तरीही, दोन बलाढ्य संघांचा खेळ हा साऱ्या जगाचा खेळ ठरावा यासाठी तिसऱ्याने पराभव पत्करत उभे राहणे आवश्यक असते.

मग २०१९ साल उजाडले. विश्वस्पर्धा फिनलंडमध्येच, एस्पो येथे होती. उपान्त्य सामन्यात फिनलंडने कॅनडाला ४-२ असे हरवले आणि त्या दोन देशांबाहेरचा संघ प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला. १४ एप्रिलला अमेरिकेविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत राहिला. जादा वेळात पेत्रा निएमिनेनने गोल केला. फिनिश खेळाडूंनी मैदानावर जल्लोष सुरू केला. परंतु चित्रफितीच्या दीर्घ तपासणीनंतर, अमेरिकन गोलरक्षिकेला अडथळा झाला या कारणास्तव तो गोल रद्द झाला. त्याच प्रसंगी त्या गोलरक्षिकेलाही पाय आडवा घातल्याबद्दल शिक्षा झाली, हे विशेष. पुढे शूटआउटमध्ये अमेरिकेने सामना आणि सलग पाचवे विजेतेपद मिळवले. पन्नास फटके अडवूनही फिनलंडची गोलरक्षिका नोरा रॅटी पराभूत संघात राहिली. स्पर्धेतील सर्वाधिक मौल्यवान खेळाडू म्हणून निवड झाली ती हीरिकोस्कीची. पराभूत संघातील बचावपटूला हा मान मिळाला, यात निवड करणाऱ्यांनी कल्पनेचे श्रम घेतल्याची खूण दिसते.

तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर वाद झाले. येथे महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. सुवर्णपदक त्या क्षणी हातातून गेले. त्यामुळे आधीची सारी वर्षे निष्फळ ठरली काय? ॲरिस्टॉटलने केलेला एक भेद या ठिकाणी आठवतो. घर बांधणे ही क्रिया घर पूर्ण होईपर्यंत अपुरीच असते. उलट पाहणे ही क्रिया प्रत्येक क्षणी पूर्ण असते, कारण तिचे साध्य तिच्याबाहेर नसते. अलास्डर मॅकिंटायर यांनी ‘आफ्टर व्हर्च्यू’ (१९८१) या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. एखाद्या साधनेची अंतर्गत मूल्ये ती साधना करूनच लाभतात. पैसा आणि कीर्ती ही बाह्य मूल्ये इतर मार्गांनीही मिळू शकतात. अचूक अंतर राखून एखादे आक्रमण निष्प्रभ करणे हे अंतर्गत मूल्य आहे. ते त्या क्षणी पूर्ण झाले आणि पुढचा कोणताही निर्णय ते हिरावून घेऊ शकत नाही. हा युक्तिवाद मला मान्य आहे. वीस वर्षांच्या खेळाचा अर्थ एका रात्रीच्या निकालावर टांगून ठेवणे हे आयुष्याविषयीचे अज्ञान होय.

परंतु येथेच थांबणे धोक्याचे आहे. आपल्याकडे फलाशेच्या त्यागाचा उपदेश फार प्राचीन आहे, आणि अनुभव असा की तो उपदेश ज्यांच्या हाती फळ पडत नाही त्यांनाच अधिक केला जातो. महिला हॉकीचा इतिहासही हेच सांगतो. अनेक राष्ट्रीय खेळाडूंना शिक्षण वा नोकरी सांभाळून, अल्प मानधनात किंवा मानधनाविना खेळावे लागले. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेच्या विजेत्या संघाने न्याय्य मोबदल्यासाठी मायदेशातील विश्वस्पर्धेवर बहिष्काराचा इशारा दिला आणि स्पर्धेच्या तोंडावर करार पदरात पाडून घेतला. ऑगस्ट २०१९ मध्ये स्वीडनच्या खेळाडूंनीही अशाच कारणांसाठी राष्ट्रीय संघातून खेळण्यास नकार दिला. या स्त्रियांना साधनेची अंतर्गत मूल्ये कळत नव्हती असे कोण म्हणेल? त्या मूल्यांची गोडी दाखवून बाह्य देणे बुडवले जात आहे, हे त्यांनी ओळखले होते, इतकेच. चिकाटीची स्तुती ही पुष्कळदा मोबदल्याची स्वस्त पर्यायी व्यवस्था असते. फिनिश लोकांच्या ज्या चिवट जिद्दीला ‘सिसू’ म्हणतात तिचे गोडवे गातानाही हे विसरू नये. राष्ट्राच्या स्वभावाला श्रेय दिले की व्यक्तीने रोज पहाटे घेतलेला निर्णय दृष्टीआड होतो.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त निष्कामतेची सांगड लोकसंग्रहाशी घातली. निष्काम कर्म म्हणजे परिणामांविषयी बेफिकिरी नव्हे, हा त्यातला आशय येथे लागू पडतो. फळावरचा हक्क सोडणे हा कर्त्याचा अधिकार आहे. तो त्याच्या वतीने इतरांनी बजावता कामा नये. कर्ता म्हणू शकतो, ‘मला काही नको.’ समाजाने ‘तुला काही नको’ असे म्हणणे ही मात्र वंचना आहे. एकच विधान वक्ता बदलला की सद्गुणाचे दुर्गुणात रूपांतर होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचित सापडेल.

म्हणून अशा कारकिर्दीकडे दोन डोळ्यांनी पाहावे लागते. आतून पाहिले तर ती पूर्ण आहे. तीन कांस्यपदके आणि एक रद्द झालेला गोल यांनी तिच्या पूर्णत्वात काही भर पडत नाही वा उणीव येत नाही. बाहेरून पाहिले तर ती एक थकबाकी आहे. ती वेतनाची आहे, सोयीसुविधांची आहे आणि त्याहून अधिक लक्ष देण्याची आहे. पहिली दृष्टी कर्त्याने आपल्यापाशी ठेवावी. दुसरी आपण, पाहणाऱ्यांनी, सोडू नये. घडलेल्या गोष्टींचे श्रेय बहुधा आपोआप मिळते. न घडलेल्या गोष्टींचे श्रेय मात्र कोणीतरी आठवणीने द्यावे लागते.