नाव एक, कार्डे दोन

एकाच नावाचे ग्राफिक्स कार्ड बाजारात दोन रूपांत मिळते. रिटेल कार्ड छापील खोक्यात येते आणि त्याच्यासोबत कार्ड बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी असते. ओईएम कार्ड संगणक बनवणाऱ्या कंपन्यांसाठी घाऊक तयार होते. डेल किंवा एचपीच्या तयार संगणकात ते आधीच बसवलेले असते. उरलेला माल किंवा संगणकातून काढलेले कार्ड साध्या पांढऱ्या खोक्यात, कधी नुसत्या पिशवीत, कमी भावाने विकले जाते. घेणाऱ्याला वाटते, वस्तू एकच आहे आणि भाव दोन आहेत. पण वस्तू एकच आहे हे कशावरून ठरवायचे? नावावरून, घडणीवरून, की ती जे काम करते त्यावरून? भारतीय दर्शनांनी हा प्रश्न शतकानुशतके लढवला आहे, आणि त्यांची उत्तरे या खरेदीला नेमकी लागू पडतात.

एटीआय कंपनीचे २००१ सालचे रेडिऑन ८५०० घ्यावे. रिटेल कार्डात चिप आणि मेमरी दोन्ही २७५ मेगाहर्ट्झवर चालत, ओईएम कार्डात दोन्ही २५० मेगाहर्ट्झवर. चिप तीच, आर२००. नावही तेच. पुढे २५० मेगाहर्ट्झचे कार्ड ८५०० एलई म्हणून विकले गेले, आणि त्यानंतर रेडिऑन ९१०० या नावाने. म्हणजे मंद कार्डाला शेवटी मूळ कार्डापेक्षा मोठा आकडा मिळाला. नावावर विसंबून वस्तूची ओळख पटत नाही, एवढे या एका उदाहरणात सिद्ध होते.

मग घडणीकडे वळावे लागते. वैशेषिक दर्शनाच्या मते गुण द्रव्यात समवायाने राहतो. तो द्रव्यापासून वेगळा काढून ठेवता येत नाही. या अर्थाने २५० मेगाहर्ट्झ हा त्या चिपचा गुण आहे का? कार्डाची गती त्याच्या बायोसमध्ये लिहिलेली असते आणि अनेक कार्डांत तो मजकूर बदलता येतो. जास्वंदीशेजारी ठेवलेला स्फटिक लाल दिसतो, पण लाली स्फटिकाची नसते. तिला शास्त्रकार उपाधी म्हणतात. गती अशीच बाहेरून लादलेली असेल, तर दोन्ही कार्डे मुळात एकच ठरतात. मात्र तसे प्रत्येक वेळी असतेच असे नाही. तयार झालेल्या चिप्स तपासून त्यांची प्रतवारी करतात, आणि ज्या चिप्स वरच्या गतीला तग धरत नाहीत त्या खालच्या गतीच्या कार्डांत घालणे हा या धंद्यातला नेहमीचा व्यवहार आहे. तशी चिप असेल तर मर्यादा तिच्या अंगचीच असते. कार्ड हातात घेऊन यातले काय खरे, हे सांगता येत नाही. बायोस बदलून ओईएम कार्डाचे रिटेल कार्ड करू पाहणारा माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, उपाधी आणि गुण यांतला भेद पणाला लावत असतो.

उलट टोकाचे उदाहरण एनव्हिडियाच्या जीफोर्स जीटीएक्स ६६० चे, २०१२ सालचे. रिटेल कार्डात जीके१०६ चिप, ९६० कोअर आणि ९८० मेगाहर्ट्झची मूळ गती. ओईएम कार्डात जीके१०४ ही मोठी चिप, ११५२ कोअर, पण मूळ गती ८२३ मेगाहर्ट्झ. येथे द्रव्यच निराळे आहे. तरीही कोअरची संख्या आणि गती यांचा गुणाकार केला, तर दोन्हींमधला फरक एक टक्काही भरत नाही. ओईएम म्हणजे हलका माल, हा सरसकट समजही येथे टिकत नाही.

बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने सातव्या शतकात सत्तेची कसोटी घालून दिली: जे अर्थक्रिया करू शकते, म्हणजे प्रत्यक्ष कार्य घडवते, तेच सत्. त्याच्या मते सामान्य, जाती, नाव ही बुद्धीची रचना आहे. खरे असते ते स्वलक्षण, म्हणजे समोरचे एकटे, अद्वितीय असे विशिष्ट. ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्याला याहून उपयुक्त तत्त्वज्ञान सापडणे कठीण. ‘जीटीएक्स ६६०’ नावाची वस्तू कुठेच नसते; असते ते हे कार्ड, याच्यावरची मेमरी, याचा पंखा. त्यातही अर्थक्रिया एकट्या कार्डाची नसते, भोवतालच्या सामग्रीची असते. एखाद्या कंपनीच्या ठरावीक पेटीतल्या हवेच्या झोतासाठी घडवलेले ओईएम कार्ड दुसऱ्या पेटीत तापू शकते, आणि तापले की स्वतःची गती उतरवते. म्हणून आकड्यांचा गुणाकार जुळला तरी निर्णय पुरा होत नाही. आपल्या पेटीत ते कार्ड काय करील, हे पाहावे लागते.

एवढ्याने वस्तूचा प्रश्न सुटतो, वॉरंटीचा सुटत नाही. वॉरंटी आज काहीच करत नाही. कार्ड बिघडले नाही तर ती कधीच काही करणार नाही. तरी तिच्यासाठी माणसे जास्त पैसे मोजतात आणि त्यात मूर्खपणा नसतो. धर्मकीर्तीची कसोटी येथे तोकडी पडते. वैशेषिकांच्या पदार्थांच्या, म्हणजे अस्तित्वाच्या मूळ वर्गांच्या, यादीतही तिला सहज जागा मिळत नाही: ती द्रव्य नाही, कार्डाचा गुण नाही, क्रिया नाही. इसवी सन १५०० च्या सुमारास नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने अशाच अडचणीतून मार्ग काढला होता. ‘स्वत्व’, म्हणजे मालकी, जुन्या सात पदार्थांपैकी कशातच बसत नाही, म्हणून तो वेगळा पदार्थच मानावा, असे त्याने ठामपणे मांडले. मालकी वस्तूकडे कितीही निरखून पाहिले तरी दिसत नाही, पण ती नाकारली तर विकणे, देणे, चोरी यांना अर्थ उरत नाही. वॉरंटी ही स्वत्वाची सख्खी बहीण आहे. रिटेल कार्ड घेणारा कार्डासोबत कंपनीवरचा एक हक्क घेतो. ओईएम कार्डाच्या बाबतीत ते बंधन संगणक बनवणाऱ्या कंपनीने संगणकाच्या ग्राहकाशी स्वीकारलेले असते. कार्ड त्या संगणकातून सुटून तिसऱ्याच्या हातात गेले की मागे उरतो तो विक्रेत्याचा शब्द.

आणि शब्द प्रमाण केव्हा मानावा, याचे उत्तर न्यायदर्शनाच्या नैयायिकांनी दिलेले आहे: बोलणारा आप्त असेल तेव्हा, म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो तो जसाच्या तसा सांगू इच्छितो. त्यांच्या परतःप्रामाण्याच्या मताप्रमाणे ज्ञान आपल्या खरेपणाची ग्वाही स्वतः देत नाही, ती ग्वाही प्रवृत्ती, म्हणजे त्या ज्ञानावरून केलेली कृती, सफल झाल्यावर मिळते. तेव्हा ओईएम कार्ड घेणाऱ्याने नावापुढे जाऊन चिप, कोअर, गती आणि मेमरी यांचे आकडे मागणे, कार्ड चालवून ते पडताळणे आणि परतीची मुदत लेखी घेणे हे ओघाने येते. एवढे जुळत असेल आणि भावातला फरक वॉरंटीच्या मोलापेक्षा मोठा असेल, तर ओईएम कार्ड घेणे योग्यच. जेथे कार्डावर कोणाची रोजीरोटी चालते, तेथे रिटेल कार्डाचा जादा पैसा सार्थकी लागतो. हा जादा पैसा मुदतीपुरताच असतो, हेही ध्यानात ठेवावे. वॉरंटी संपल्यावर वापरलेली कार्डे विकायला येतात तेव्हा रिटेलच्या बाजूचा हक्क गळून पडलेला असतो, आणि तुलना पुन्हा चिप, गती व पंखा यांच्यावर येते.