असन्निधानीचे स्मरण



जीव देह सोडून गेल्यावर मागे राहिलेल्यांचे कर्तव्य कोणते, हा प्रश्न प्रत्येक घरी केव्हा ना केव्हा उभा राहतोच. या बाबतीत आपल्या उपदेशी कुटुंबांत गेल्या पन्नास वर्षांत जे पालटले, त्याचा आज थोडा विचार करू.

माझ्या बाळपणी वऱ्हाडातील आमच्या खेड्यात उपदेशी घरातील कोणी गेले, म्हणजे देह मातीत देत. पिंड नाही, काकस्पर्शाची वाट पाहणे नाही. शेजाऱ्यांना हा विधी रुक्ष वाटे. माझी आजी गेली त्या रात्री वडील ओसरीवर बसले आणि तिला मुखोद्गत असलेली स्थानांची नावे, ती ज्या क्रमाने म्हणत असे त्याच क्रमाने, म्हणू लागले. मध्ये दोन नावे त्यांना आठवेनात. तेव्हा आत्या आतून बाहेर आली आणि तिने ती सांगितली. आजीचे एवढेच उत्तरकार्य झाले. त्या दोन नावांसह ती नावे मला आजही पाठ आहेत.

आता शेते विकली गेली, गावे दाटली, म्हणून कित्येक ठिकाणी दहन करावे लागते. हा परिस्थितीचा भाग आहे. त्यास दोष देणे योग्य नव्हे. परंतु गावाच्या वेशीवर मोठा फलक लागतो, प्रतिमेस हार घातला जातो, तेरवीच्या पंगतीसाठी कर्ज काढले जाते, भ्रमणध्वनीवर श्रद्धांजलीचे ठरीव शब्द इकडून तिकडे फिरतात. यांपैकी पुष्कळसे आपल्याही घरांत शिरले आहे.

येथे शास्त्राचा निर्णय स्पष्ट आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. जीव आपल्याच कर्माचे फळ भोगतो. मागे राहिलेल्याने दिलेल्या पिंडाने त्याचा भोग टळत नाही. मोक्ष देणे हे तर केवळ परमेश्वराचेच सामर्थ्य होय.

यावर कोणी अशी शंका घेईल की, गेलेल्या जिवास काही पोहोचत नसेल, तर स्मरण तरी कशासाठी? त्याचे समाधान असे. मुख्य स्मरण परमेश्वराचेच. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांच्या द्वारा ते करावयाचे. गेलेल्या माणसाने त्या स्मरणाचा जो धागा आपल्या हाती दिला, तो तुटू न देणे हाच त्याचा सन्मान. स्मरणाची गरज जाणाऱ्यास नसते, राहणाऱ्यास असते.

पंथाचा इतिहासही हेच सांगतो. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी उत्तरापंथे गेल्यावर मागे राहिलेल्या भक्तांवर असन्निधानाचे दुःख कोसळले. त्या दुःखातून म्हाइंभटांनी काय केले? ज्यांनी जे पाहिले, ऐकले, ते त्यांच्याकडे जाऊन विचारले, पारखले आणि भटोबासांच्या अनुमतीने लिहून ठेवले. इ. स. १२७८च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले ते असे. पुढे परचक्रात मूळ पोथी नष्ट झाली, असे परंपरा सांगते. तेव्हा ज्यांच्या कंठी लीळा होत्या त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या. हिराइसांच्या स्मरणातील पाठ आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पोथी गेली, परंतु स्मरण राहिले. म्हणून पोथी पुन्हा झाली.

हे इतरांस सांगताना स्वतःचा अपराध झाकणे बरे नव्हे. माझे गुरुजी गेले तेव्हा मी मोठा मंडप घातला. दुरून भिक्षुक-वासनिक आले, प्रसाद झाला, सर्वांनी व्यवस्थेची वाखाणणी केली. महिन्याभराने एका विद्यार्थ्याने विचारपाठातील एक वचन पुढे ठेवले आणि विचारले, “बाबा, याचा अर्थ आपले गुरुजी कसा लावीत?” गुरुजींनी ते निरूपण मला दोनदा केले होते. मला ते आठवले नाही. लिहूनही ठेवले नव्हते. मंडपवाल्याचा हिशेब मात्र वहीत टिपलेला होता! त्या दिवशी मला जो अनुताप झाला, तो अद्याप शमलेला नाही.

म्हणून उपदेशी मंडळींस एवढीच विनंती. घरी कोणी गेले तर प्रतिमा लावू नका असे मी म्हणत नाही. लौकिकाचे सगळेच बंध एका दिवसात सुटत नाहीत. परंतु त्या रात्री चार माणसे एकत्र बसा. गेलेल्याने कोणते नाम घेतले, कोणती लीळा त्याला प्रिय होती, कोणत्या स्थानाचे दर्शन त्याने घेतले, ते एकमेकांस विचारा. एकास न आठवेल ते दुसऱ्याने सांगावे. मुलाबाळांस तेथे बसवून घ्यावे आणि कोणीतरी ते वहीत उतरवावे. आणि ज्यांचे गुरू, ज्यांची वडीलधारी माणसे आज सन्निध आहेत, त्यांनी तर उद्याची वाट पाहू नये. आजच जाऊन विचारावे.

दंडवत प्रणाम.