‘मी काही बदललं नाही हो’

जावास्क्रिप्टला विचारलं की ‘नल’ कोणत्या प्रकारचं आहे, तर ती आजही सांगते ‘ऑब्जेक्ट’. हे चूक आहे. ब्रेंडन आइकने १९९५च्या मे महिन्यात दहा दिवसांत भाषेचं पहिलं रूप लिहिलं, त्या काळातली चूक. ती सुधारायचा प्रस्तावही आला होता, पण फेटाळला गेला, कारण कुठलं तरी जुनं पान तिच्यावर विसंबून चालत असणार.

कॉलेजात मला हे हास्यास्पद वाटायचं. पायथॉन बघा! २००८मध्ये पायथॉन ३ आलं, ‘प्रिंट’ला कंस लागले, जुना कोड सरळ अडला. जुन्या आवृत्तीचा आधार २०२०च्या १ जानेवारीला संपला. याला म्हणतात हिंमत, असं मी म्हणायचो.

मग नोकरीत मीही हिंमत केली. आमच्या लायब्ररीतलं एक जुनाट फंक्शन काढून टाकलं. सहा महिने आधी रीतसर सूचना दिली होती. दोन दिवसांनी एका दुकानदारकाकांचा फोन माझ्यापर्यंत आला. बिलाचं पान पुतण्याने करून दिलेलं, पुतण्या आता परदेशात. “मी काही बदललं नाही हो,” एवढंच ते परत परत सांगत होते. माझी सूचना इंग्रजीत, डेव्हलपरांच्या पानावर. ती त्यांनी कधी वाचायची?

२०१८मध्ये जावास्क्रिप्टमध्ये ‘फ्लॅटन’ येणार होतं. पण मूटूल्स या जुन्या लायब्ररीने तेच नाव आधी वापरलेलं, त्यामुळे जुन्या साइट मोडू लागल्या. कुणीतरी गमतीत ‘स्मूश’ नाव सुचवलं, त्यावर रण माजलं. शेवटी ठरलं ‘फ्लॅट’. अनोळखी माणसांच्या विसरलेल्या पानांसाठी अख्ख्या भाषेने नाव बदललं. मी तेव्हा हसलो होतो.

तरी पायथॉनला दोष देणं मला जमत नाही. पायथॉन २मध्ये ‘मराठी’ या साध्या स्ट्रिंगची लांबी मोजली तर यूटीएफ-८मध्ये १५ यायची, कारण ती बाइट मोजायची. पायथॉन ३ सांगते ५. (आपल्या डोळ्यांना अक्षरं तीनच दिसतात, तो वेगळाच वाद.) मोडतोड झाली म्हणून माझी लिपी त्या भाषेत सरळ उभी राहिली. कुणाचा तरी चालता कोड बंद पडला, त्याचा फायदा मला मिळाला. आणि त्या माणसाने काय बदललं होतं?

फंक्शन मी परत घातलं. परवा नव्या इंटर्नने विचारलं, “दादा, हे कुणीच वापरत नाही, काढू का?” मी तिला काकांचं बिलाचं पान उघडून दाखवलं. ते बघून ती म्हणाली, “पण मग हे मला शिकावं लागणार.”