कुंपण आणि शेत

‘कुंपणानेच शेत खाल्ले’ ही म्हण आपण सारेच वापरतो. तीत कुंपण अप्रामाणिक आहे, म्हणून निवाडा सोपा होतो. परंतु कुंपण पूर्णपणे प्रामाणिक असून धन्यालाच शेतात पाऊल टाकू देत नसेल, तर त्याला काय म्हणावे? संगणकाने हा जुना प्रश्न आता घराघरांत आणून ठेवला आहे.

लॅपटॉपवर वाय-फाय जोडलेले दिसते, त्याच जोडणीवर मोबाईल सुरळीत चालतो, आणि तरीही लॅपटॉपवर एकही पान उघडत नाही. अशा वेळी पुष्कळदा दोष असतो तो सुरक्षेसाठी बसविलेल्या अँटिव्हायरसचा किंवा फायरवॉलचा. हा रक्षक येणाऱ्या-जाणाऱ्या मजकुराच्या वाटेवर जकातनाक्यासारखा बसतो. त्याचे एखादे अपडेट बिघडले, किंवा तो अर्धवट काढला गेला, की नाका ओस पडतो. पण आडवा बांबू खालीच राहतो. ज्यांची मुले-नातवंडे दूरदेशी आहेत, त्यांच्यासाठी ही केवळ यंत्राची कुरकुर नसते.

चुका मोठ्यांच्याही झाल्या. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधील अत्यावश्यक फाइललाच विषाणू ठरविले. असंख्य संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होऊ लागले, त्यांचे नेटवर्क तुटले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक ठप्प केले आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. सदोष अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतले गेले; परंतु जे संगणक आधीच आडवे झाले होते, त्यांपैकी बहुतेकांपाशी माणसाला जाऊन ती फाइल काढावी लागली. चोराला कुलूप फोडावे लागते. रक्षकाजवळ किल्ल्या असतातच. म्हणून त्याच्या चुकीची व्याप्ती त्याच्या हेतूवर नव्हे, तर त्याला दिलेल्या अधिकारावर ठरते.

आपल्या माळव्याला हे नवे नाही. २१ डिसेंबर १८१७ च्या महिदपूरच्या लढाईनंतर, ६ जानेवारी १८१८ रोजी अल्पवयीन मल्हारराव होळकरांच्या दरबाराने मंदसौरचा तह केला. कंपनीने राज्याचे रक्षण पत्करले. त्याच तहाने इतर संस्थानांशी संपर्क रेसिडेंटच्या माहिती व संमतीवाचून ठेवण्यास मनाई झाली. तिथे हेतू सत्तेचा होता, संगणकातील बिघाड निर्हेतुक आहे. हा भेद लहान नव्हे. परंतु रचना सारखीच: जो राखण करतो तोच दार धरून बसतो, आणि त्याला बाजूस सारण्याचा उपाय धन्याच्या हाती उरत नाही.

मग रक्षकच काढून टाकावा काय? रागाच्या भरात अनेक जण तेच करतात आणि लॅपटॉप कायमचा उघडा ठेवतात. हा न्याय नव्हे. रक्षकाला क्षणभर थांबवावे, ओळखीचे एकच पान उघडून पाहावे, बँकेचे व्यवहार तेवढा वेळ दूर ठेवावेत. पान उघडले तर दोषस्थान कळले. रक्षक पुन्हा चालू करून नवे अपडेट घ्यावे. तेही निष्फळ ठरल्यास निर्मात्याच्याच काढणी-साधनाने तो समूळ काढावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग तो नव्याने बसवावा.

या साध्या क्रमात एक नीतिविचार आहे. विश्वास ठेवावा, पण परत घेता येईल असा. अधिकार द्यावा, पण ज्याची पारख करता येते तेवढाच. आणि रक्षकाला थांबविण्याची कळ कोठे आहे, हे शेजारच्या मुलाला नव्हे, घराच्या धन्याला ठाऊक असावे. राखण दुसऱ्यावर सोपविता येते. शेत कोणाचे, याचे भान मात्र आपल्यालाच ठेवावे लागते.