शस्त्राची ठेव

अहिवारा हे गाव छत्तीसगडात, दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या नंदिनी खाणींच्या लगत वसले आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून या मुलखात मराठी कुटुंबे आहेत. १९५९ साली कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली त्या सुमारास त्यांत आणखी भर पडली. तेथील एका गृहस्थांचे पत्र काही दिवसांपूर्वी हाती आले. त्यांचा व्यवसाय बंदुका व काडतुसे विकण्याचा आहे. परवाना रीतसर, नोंदवह्या चोख, आणि दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढली खोली. त्या खोलीच्या भिंतीपलीकडे देवघर आहे. ते लिहितात, "पहाटे गीतेचा एक अध्याय वाचतो आणि दहा वाजता त्याच हातांनी काडतुसे मोजून देतो. हे पाप असेल तर धंदा सोडतो. पाप नसेल तर मन का खाते, ते सांगावे."

या प्रश्नाला दोन उत्तरे चटकन दिली जातात आणि दोन्ही अपुरी आहेत.

पहिले उत्तर असे की शस्त्रविक्रय हा मुळातच निषिद्ध. भगवान बुद्धांनी उपासकांना जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत शस्त्रांचा व्यापार आहे. मनुस्मृतीतही, आपत्काळी वैश्यवृत्तीने जगणाऱ्या ब्राह्मणाने कोणत्या वस्तू विकू नयेत त्या यादीत शस्त्र येते. परंतु ही दुसरी यादी नीट पाहावी. शस्त्र आणि विष यांच्याच पंक्तीला तेथे पाणी, दूध, दही आणि मध हीही बसली आहेत. तेव्हा केवळ त्या यादीवरून शस्त्र ही पापमय वस्तू ठरविणाऱ्याला मग दूधवाल्यालाही पापी म्हणावे लागेल. शिवाय ज्या समाजाने शस्त्राला देव्हाऱ्याजवळ जागा दिली आणि देवीच्या प्रत्येक हातात आयुध दिले, त्या समाजाने शस्त्र बनविणारा व विकणारा मात्र अधम मानावा, हे न्यायाचे नव्हे.

दुसरे उत्तर गीतेच्या अठराव्या अध्यायाचा आधार घेते. अग्नीला धूर असतो तसा प्रत्येक कर्माला काही ना काही दोष असतोच, म्हणून आपले सहज कर्म सदोष असले तरी टाकू नये, असे भगवंतांनी सांगितले आहे. हे वचन व्यापारी मंडळींना फार प्रिय आहे. पण धूर आहे म्हणून अग्नी विझवू नये याचा अर्थ घरात धूर कोंडू द्यावा असा होत नाही. आणि त्याच्या लगेच पुढच्या श्लोकात अनासक्त बुद्धीची अट आली आहे, तिचे स्मरण सहसा कोणी करून देत नाही. व्यापारात आसक्ती कशाची असते? माल खपावा याची. तेव्हा शस्त्रविक्रेत्याच्या बाबतीत अनासक्तीची परीक्षा शस्त्र विकण्यात होत नाही. ते विकण्याचे नाकारण्यात होते.

कायद्यालाही ही गोष्ट काही अंशी उमगली आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम, जो १९६२ साली अंमलात आला, विक्रेत्याला केवळ कागद तपासणारा कारकून मानीत नाही. ज्याला शस्त्र बाळगण्यास मनाई आहे, किंवा जो त्या वेळी भ्रमिष्ट अवस्थेत आहे, असे विक्रेत्याला ठाऊक असेल किंवा तसे समजण्यास कारण असेल, त्याला शस्त्र अगर काडतूस विकू नये असे नववे कलम सांगते. म्हणजे समोरच्या मनुष्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे कर्तव्य विक्रेत्यावर आहे. मात्र वेड कायद्याला दिसते, क्रोध दिसत नाही. ज्याच्याजवळ परवाना आहे, ज्याच्या वाट्याची काडतुसे शिल्लक आहेत, ज्याचे डोके शाबूत आहे, पण जो आज संतापाने थरथरत आहे, त्याच्याविषयी कलम मूक आहे. तेथून पुढे विक्रेता एकटाच उरतो.

आमच्या गृहस्थांवर तोच प्रसंग आला. त्यांचा चुलतभाऊ परवानाधारक. त्याचा शेजाऱ्याशी बांधावरून तंटा चाललेला. एके संध्याकाळी तो आला, ओसरीवर बसला, वहिनींनी चहा दिला. मग तो म्हणाला, "दादा, दहा काडतुसे दे. रानडुकरे फार झाली आहेत." रानडुकरांचे नाव घेताना त्याने खाली पाहिले. यांनी ते ओळखले. देऊ नये असे मनात आले, पण तोंडावर नाही म्हणवेना, तेव्हा ते म्हणाले, "माल संपला आहे, पुढच्या आठवड्यात ये." माल कपाटात होता. पुढे तंटा पंचांपुढे मिटला आणि काही विपरीत घडले नाही. तथापि त्यांना दोन गोष्टी अद्याप बोचतात: आपण खोटे बोललो ही एक, आणि पुढच्या आठवड्यात तो खरोखरच आला असता तर आपण दिली असती ही दुसरी.

आमच्या मते त्यांचे मन खाते ते याच ठिकाणी, आणि ते योग्य ठिकाणी खाते. बाजारपेठेतील दुकानात गिऱ्हाईक गिऱ्हाईक म्हणून येते. घरच्या दुकानात ते पाहुणा होऊन येते. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये हा गृहस्थाश्रमाचा धर्म लहानपणापासून अंगात मुरलेला. आणि शस्त्राच्या धंद्याचा धर्म म्हणतो की वेळप्रसंगी विन्मुखच पाठवावे. एकाच उंबरठ्यावर दोन धर्म समोरासमोर उभे राहतात. त्यांत मुरवत जिंकते, कारण ती प्रेमाचे रूप घेऊन येते.

मुरवत आणि ओळख मनुष्याला कोठवर नेतात याचे एक दारुण उदाहरण आपल्याच प्रांतातले आहे. पुण्यात दिगंबर बडगे 'शस्त्रभांडार' चालवीत. ज्यांना परवाना लागत नसे अशा हत्यारांपासून आरंभ झाला. पुढे स्फोटके व बंदुका चोरून पुरविण्यापर्यंत मजल गेली. मागणारे परके नव्हते, ओळखीचेच होते. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनाच्या आवारात जो स्फोट झाला त्या कटातील सामग्री बडग्यांनीच पुरविली होती. ३० तारखेला महात्माजींवर झाडलेले पिस्तूल मात्र ग्वाल्हेरीत मिळविलेले होते. लाल किल्ल्यातील खटल्यात बडगे माफीचे साक्षीदार झाले. आमचे गृहस्थ कायदा पाळणारे आहेत, त्यांची तुलना बडग्यांशी करणे हा अन्याय होईल. परंतु "हा आपलाच माणूस" हे वाक्य दोन्ही ओसऱ्यांवर सारखेच ऐकू येते. आणि गोळी काय करते हे भिलाईकरांना सांगावयास नको. २८ सप्टेंबर १९९१ रोजी, उजाडण्यापूर्वी, घरात निजलेल्या शंकर गुहा नियोगींना खिडकीतून झाडलेल्या गोळीने ठार केले, ते तेथेच.

येथे वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडातील एक कथा आठवते. प्रसंग दंडकारण्यातला, म्हणजे परंपरा मानते त्याप्रमाणे दुर्गच्या दक्षिणेकडील बस्तरच्या रानातला. रामचंद्रांनी ऋषींना राक्षसवधाचे वचन दिले आहे आणि वाटेने जाताना सीतामाई त्यांना एका मुनीची गोष्ट सांगतात. तो मुनी सत्यवादी, शुद्ध, तपात गढलेला. त्याच्या तपात विघ्न आणण्यासाठी इंद्र शिपायाच्या वेषात आला. त्याने शस्त्र उगारले नाही, की मोह घातला नाही. एक खड्ग ठेव म्हणून आश्रमात ठेवले आणि तो निघून गेला, एवढेच. ठेव जपली पाहिजे म्हणून मुनी ते खड्ग जवळ बाळगू लागला. फळे-मुळे आणावयास गेला तरी खड्ग हाती. नित्य सहवासाने त्याची बुद्धी हळूहळू उग्र झाली, तप सुटले, आणि तो नरकाला गेला.

या कथेत मुनीने काहीच गैर केलेले नाही, हे लक्षात घ्यावे. ठेव सांभाळणे हा सद्गुण आहे आणि तो सद्गुणाच्याच वाटेने बिघडला. चूक झाली ती खड्ग सांभाळण्यात नव्हे, ते अंगावर वागविण्यात. रामचंद्र सीतामाईंचे बोलणे प्रेमाने ऐकतात, पण धनुष्य टाकीत नाहीत. आर्ताचा आक्रोश उठू नये म्हणूनच क्षत्रियाने धनुष्य धरावयाचे असते, असे त्यांचे उत्तर आहे. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि शस्त्राजवळ राहणाऱ्याला दोन्ही एकदमच पेलावी लागतात.

लोक विसरतात, पण शस्त्रविक्रेत्याचे निम्मे काम ठेवी सांभाळण्याचेच असते. परवानाधारक वारला की परवाना आपोआप मुलाकडे जात नाही. वारसाला स्वतःचा परवाना मिळेतो बंदूक पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारी विक्रेत्याकडे जमा करावी लागते. निवडणुकीच्या दिवसांत हत्यारे अशीच जमा होतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका मनुष्याला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे ठरले, तेव्हाही जास्तीची तिसरी जमा करण्यास हीच दोन ठिकाणे सांगितली होती. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे शमीवर ठेवली आणि कोणी जवळ फिरकू नये म्हणून तेथे एक प्रेत बांधले. आमच्या गृहस्थांना तशी सोय नाही. त्यांची नातवंडे त्याच खोलीतून शाळेला जातात. म्हणून त्यांना आम्ही लिहिले की प्रथम दुकानाचे दार वेगळे करावे, ओसरीतून वाट ठेवू नये. आलेल्याला चहा ओसरीवर द्यावा आणि काडतुसांचे बोलणे तेथे ऐकूनच घेऊ नये. चुलतभाऊ पुन्हा आला तर "माल संपला" म्हणू नये; "आज तू रागात आहेस, मी देणार नाही" असे म्हणावे. तो रुसेल, कदाचित वर्षभर येणारही नाही, लग्नकार्यात पानावर बसणार नाही. ही किंमत या धंद्याची आहे, आणि ती परवाना शुल्कात धरलेली नसते. ती देण्याची तयारी नसेल तर मात्र धंदा खुशाल सोडावा. पाप म्हणून नव्हे, आपल्याला झेपत नाही म्हणून.

त्यांचे दुसरे पत्र खंडेनवमीनंतर आले. दार वेगळे केले आहे. पूजेच्या दिवशी मुलाने विचारले, "बाबा, कपाटातल्या बंदुका पाटावर मांडू का?" त्या लोकांच्या होत्या, दोन तर एका विधवेने ठेवलेल्या. त्यांनी नाही म्हटले, आणि पाटावर नोंदवही व कपाटाची किल्ली ठेवून त्यांवर झेंडूची फुले वाहिली. चुलतभाऊ यंदा सोने द्यावयास आला नाही, असेही शेवटी लिहिले आहे.